धोंड्याच्या वरची दोन मिनिटं

“ऊठ गो पाचे, मासे काय तुझ्यासाठी थांबून राहायचे नायत,” आत्या म्हणाली आणि तिने माझ्या पायाचा अंगठा धरून ओढला.

खळ्यात मी, आई आणि आत्या ओळीने झोपलो होतो. मे महिना. पूर्वेला नुकतं पांढुरकं व्हायला लागलं होतं. मी डोळे न उघडताच उठले, डोळे न उघडताच तोंडावर पाणी मारलं आणि डोळे उघडले तेव्हा नदीच्या अर्ध्या वाटेवर होते. हातात करवंटी, करवंटीत पिकलेली उंबरं.

“सांडू नको. आज एकेक उंबर मोलाचं हाय.”

“का?”

“का म्हणे! आज कुठला मंगळवार तो माहीत नाय तुला?”

माहीत होता. वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होता. पण त्या वयात मला एक शब्द बोलायचा तर त्यातल्या त्यात ‘का’ सोपा वाटायचा.

मी तेव्हा सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. आज मला ओळखणाऱ्या कुणाला हे पटायचं नाही, बारावीच्या वर्गात बाई मला दिवसातून चार वेळा “गोरिवले, आता पुरे” म्हणतात, पण तेव्हा मी बोलत नसे. घरात आईशी आणि आत्याशी पुटपुटायचे, तेवढंच. चारचौघांत कुणी नाव विचारलं की मी आईच्या पाठीमागे. वर्गात माझा ‘हजर’ बाईंपर्यंत पोचायचाच नाही, त्यामुळे रोज शाळेत जाऊनही हजेरीपटावर मी निम्मं वर्ष गैरहजर होते.

तर तो मंगळवार.

आमची नदी उन्हाळ्यात आटते आणि डोह तेवढे उरतात. सगळ्यात मोठा डोह कोंडजाईचा. काठावर देवीची घुमटी, आणि डोहात देवीचे मासे. खडस म्हणतो आम्ही त्यांना. मोठ्या तांबूस खवल्यांचे, जाड ओठांचे, काही तर माझ्या हाताएवढे लांब. त्यांना कुणी हात लावत नाही. डोहाच्या खालच्या तोंडाशी एक काळाकुळकुळीत धोंडा आहे, म्हशीएवढा. धोंड्याच्या वरचं सगळं देवीचं, धोंड्याच्या खालचं गावाचं. खाली गरी टाका, मासा धरा, खा. वर नाही.

आणि ह्या डोहाची राखण माझ्या आत्याकडे होती.

आत्याचं नाव शेवंता. माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा मुंबईला असत, घरात आम्ही तिघी. आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी एक पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी परत आली ती कायमची. त्यानंतर वाडीत कुठलीही शेवंता म्हटलं की लोक विचारायचे, “कुठली, परत आलेली?” आजोबा गेले आणि त्यांच्याकडची राखण गुरवबाबांनी आत्याला दिली, तेव्हापासून लोक म्हणायला लागले, “कुठली, डोहावरची?” एवढाच फरक. पण आत्या त्या दिवसापासून मान वर करून चालायला लागली असं आई सांगते.

राखण म्हणजे काय, तर रोज सकाळी डोहावर जाऊन “यो, यो, यो” करून माशांना मूठभर भात घालायचा आणि कुणी रात्रीबेरात्री पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारायला आलं तर त्याच्या नावाने वाडी गोळा करायची. आत्याने दोनदा केली होती. त्याबद्दल वर्षातून एकदा, वैशाखातल्या शेवटच्या मंगळवारी, सगळ्या गावासमोर नारळ मिळायचा. नारळ मिळाला की पुढचं वर्ष राखण तुमची.

त्याच दिवशी राखणदाराने पहाटे धोंड्याच्या खाली गरी टाकून मासे धरायचे आणि मानकऱ्यांना कालवण-भात घालायचा, अशी आमच्याकडची रीत. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटतं. देवीच्या माशांची राखण करणारा मासे कसा मारतो? पण गुरवबाबा म्हणायचे, ज्याला धोंड्याच्या खालच्या अंगाला मासा धरता येतो आणि वरच्या अंगाला सोडता येतो, त्यालाच रेघ कळली.

त्या वर्षी मात्र दाजी पाष्टे आडवा आला होता. शिमग्यापासून सांगत सुटला होता, “बाईमाणसाने किती वर्षं राखण करायची? गावात पुरुष काय मेले?” मेले नव्हते, त्यातला एक तर तोच होता. गुरवबाबा म्हणाले, “मंगळवारी बघू. मासे काय सांगतात ते बघू.”

“आज काय चुकायला नाय पायजे,” वाटेवर आत्या म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

धोंड्याच्या खाली पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. आत्याने दोन गऱ्या काढल्या. आमच्याकडे काठी नसते, नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, पत्र्याच्या डब्याला गुंडाळलेली. टोकाला आकडा, आकड्याला उंबर, आणि वर दीड हातावर तरंगायला काहीतरी. आत्याच्या गरीला बुचाचा तुकडा होता. माझी गरी मी स्वतः बांधली होती. तिला माझ्या जुन्या गुलाबी चपलेतून कापलेला गोल तुकडा.

“हे काय गो? माशाला सिनेमा दाखवणार हायस काय?”

“लांबून दिसतो,” मी पुटपुटले.

“दिसतोय बाय, रत्नागिरीवरनं दिसेल.”

आम्ही बसलो. उजाडलं. वरच्या झाडातून पिकली उंबरं मधूनच पाण्यात पडायची, टुपुक, आणि खालून काहीतरी येऊन ती गिळायचं. आमच्या उंबरांना मात्र कुणी विचारेना. अर्ध्या तासाने आत्या उठली.

“मी वायच खालच्या बारक्या डोहात बघून येते. मानकरी काय पाणी पिऊन जायचे नायत. तू बस हितंच. आणि पाचे, नीट ऐक. मोठा लागला आणि धोंड्याकडे निघाला तर ओढायचं नाय. ढील द्यायची. ढील मिळाली की मासा आकडा थुंकतो. कळलं?”

मी मान हलवली.

“तोंडाने सांग.”

“कळलं.”

ती खाली वळणाआड गेली. मी गुलाबी ठिपक्याकडे बघत बसले. एकदा पापणी लवली, आणि ठिपका नव्हता.

म्हणजे बुडाला नाही. नव्हताच. आणि पुढच्या क्षणी माझ्या हातातला डबा असा फिरला की जणू कुणी माझ्या हाताला धरून घराबाहेर काढत होतं. मी किंचाळले. खरंच किंचाळले, मी, जिचा ‘हजर’ पोचत नव्हता! तंगूस बोटांतून सरकत होता आणि बोटं कापत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. समोर पाण्यात एक पाठ वर आली, तांबूस, रुंद, आणि गेली. धोंड्याकडे.

ढील द्यायची. मला आठवत होतं. मी विसरले असं मी कधीच म्हणणार नाही. आत्याचा आवाज कानात होता, ‘ओढायचं नाय’, आणि मी दोन्ही पाय खडकाला लावून ओढत होते. मासा धोंड्याला वळसा घालून वर गेला. मी डबा धरून कातळावरून त्याच्यामागे गेले. धोंड्याच्या वर. पहिल्यांदा आयुष्यात माझ्या गरीच्या टोकाला कुणीतरी होतं, माझ्याएवढंच हट्टी, आणि ते मला विचारत होतं, सोडतेस का? आणि मी म्हणत होते, नाही! जा! नाही!

दोन मिनिटं असतील. मग तंगूस खडकाच्या धारेला लागला, आणि टण् करून हातातली ओढ गेली.

सगळं एकदम गप्प झालं. डोह सपाट. समोर देवीची घुमटी. मी कुठे उभी होते ते मला तेव्हा दिसलं.

आकडा, दीड हात तंगूस आणि गुलाबी तुकडा घेऊन मासा देवीच्या डोहात गेला होता.

आत्या आली तेव्हा मी धोंड्याच्या खाली, होते त्या जागी बसले होते. तिच्या हातात काडीला ओवलेल्या दोन मरळी होत्या आणि चेहरा हसरा.

“चल, झालं काम! तुला काय?”

“सुटला.”

“आणि गरी?”

“तुटली.”

“बोटांना काय झालं?”

“शेवाळ्यावरून घसरले.”

तिने पदराची चिंधी फाडून माझ्या बोटांना बांधली. “जाऊ दे,” म्हणाली, “खाली तुटली ना? मग गावाचा मासा, गावाचा आकडा.” आणि मी मान हलवली. ह्या वेळी तिने तोंडाने सांग म्हटलं नाही.

घरी आईने मरळी साफ केल्या, आत्याने खोबरं वाटलं, त्रिफळं टाकली. घरभर वास सुटला. मी चुलीपाशी बसून एकच हिशेब करत होते. डोह मोठा. मासे शेकडो. तो एक कशाला येईल? आज तर त्याला भूकही नसेल. आला तरी तुकडा पाण्याखाली राहील. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं, आत्या माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून गुणगुणत होती. पण ती गुणगुणत होती म्हणूनच माझ्याने सांगवेना. ती कधी गुणगुणत नसे.

दहा वाजता गाव डोहावर जमलं. सत्तर-ऐंशी माणसं असतील. पुरुष घुमटीपाशी, बायका सावलीत, मी आईच्या पाठीमागे. दाजी पाष्टे पांढरा शर्ट घालून पुढेच उभा, मिशीला तेल लावून. गुरवबाबांनी देवीला गाऱ्हाणं घातलं, नारळ कातळावर ठेवला आणि आत्याला म्हणाले, “घाल गो भात.”

“यो, यो, यो,” आत्याने हाक दिली आणि मूठ उडवली.

पाणी उकळल्यासारखं झालं. खडस आले. दहा, वीस, पन्नास, एकमेकांच्या पाठीवरून. बायकांनी हात जोडले. आई म्हणाली, “आली गो बाय सगळी.” मी श्वास सोडला.

आणि डोहाच्या मध्यावर गुलाबी ठिपका वर आला.

तो नुसता आला नाही, चालायला लागला. डावीकडे गेला. थांबला. उजवीकडे वळला. ऐंशी माणसांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या. हसायची वेळ नव्हती, पण आज आठवलं की मला हसू येतं: देवीच्या डोहात माझी चप्पल मिरवत होती.

“ता काय गो शेवंते?” दाजी म्हणाला. “देवीने कुंकू बदललंन काय?”

कुणी हसलं नाही. आत्याने ठिपक्याकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे. माझ्या चेहऱ्याकडे नाही, बोटांच्या चिंध्यांकडे. एवढंच. मग ती पुन्हा डोहाकडे वळली आणि म्हणाली,

“गरी हाय. माझी. सकाळी सुटली हातातनं.”

“सुटली? आणि धोंडा चढून वर आली?”

“नाय कळलं मला. ओढत ऱ्हायले.”

“ऐका!” दाजी गावाकडे वळला. “सहा वर्षं राखण करतेय आणि धोंडा कळला नाय! आम्हीच खुळे. परत आलेल्या बाईला देवी सांभाळायला दिली!”

आत्याची मान खाली गेली. मी ती मान तशी कधी पाहिली नव्हती. आईकडून ऐकलं होतं, पूर्वी ती अशी असायची. आणि मला समजलं की मला कुणी काही विचारणार नाही. आज नाही, कधीच नाही. मी गप्प राहिले तर हे असंच राहील.

“मी,” मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. अगदी ‘हजर’सारखंच.

“मी.” आईने फक्त मागे बघितलं.

मग मी आईच्या पाठीमागून बाहेर आले, आणि काय झालं मला माहीत नाही, पण पलीकडच्या काठावरचा खंड्या उडून गेला. “मी होते! आत्या नव्हतीच तिथं! माझी गरी, माझी चप्पल! तिने सांगितलं होतं ढील द्यायची, मीच नाही दिली! मला कळत होतं आणि मी धरून ठेवला! धोंड्याच्या वर! आणि मग घरी खोटं बोलले!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाजीचं तोंड उघडं होतं.

“अगो,” तो म्हणाला, “ही बोलते?”

आता मात्र लोक हसले. गुरवबाबा हसले नाहीत. ऐंशीच्या घरातले, वाकलेले, ते काठी टेकत माझ्यापाशी आले.

“टोचलास तू?”

“हो.”

“मग काढायचा पण तूच. जाळं नाय, गरी नाय. हात आणि भात. आकडा निघाला, आणि निघाल्यावर त्या माशाने देवीचा भात खाल्ला, तर नारळ शेवंताचा. नाय खाल्ला तर दाजीचा. दुपारच्या नैवेद्यापर्यंत काय ते बघ.”

“बाबा, पोर लहान हाय,” आई म्हणाली.

“आकडा टोचायला मोठी होती.”

मी परकर खोचला, उजव्या मुठीत भात घेतला आणि पाण्यात उतरले. पोहता मला येत होतं. पण देवीच्या डोहात वाडीतलं कुणी कधी उतरलं नव्हतं. पाणी वर कोमट आणि पायाशी गार. खडस माझ्या पोटऱ्यांना घासून जात होते. कमरेएवढ्या पाण्यात मी थांबले आणि भात सोडला. लहान मासे आले. मग मोठे. मग गुलाबी ठिपका आला, हळूहळू, चार हातांवर, तीन, दोन.

मी झडप घातली. तुकडा मुठीत आला. मी ओढला.

मासा असा उसळला की मी तोंडावर पाण्यात पडले. उठले तेव्हा मूठ रिकामी होती आणि ठिपका कुठेच नव्हता.

“झालं!” दाजी ओरडला. “आता तो येतोय होय!”

नाहीच आला. ऊन डोक्यावर चढलं. बायका बसल्या, पुरुषांनी तंबाखू मळली, कुणीतरी कालवण पातळ झालंय का विचारलं. मी छातीएवढ्या पाण्यात दात वाजवत उभी. काठावरून मूठमूठ आणलेला भात सोडून सोडून संपत आला. शेवटी पलीकडच्या कातळाखाली ठिपका पुन्हा वर आला. मी त्याच्याकडे निघाले.

“पाचे!” आत्याचा आवाज. “ओढू नको गो!”

“कुणी मदत करायची नाय!” दाजी.

“बोलायला बंदी नाय घातली मी,” गुरवबाबा म्हणाले. “तू पण मघापासनं बोलतोयस.”

“ऐक माझं,” आत्या म्हणाली. “तुकडा धर, पण धरलास हे त्याला कळू देऊ नको. तो जाईल तिकडे जा. तुला कुठं न्यायचाय त्याला? कुठंच नाय. त्याच्याबरोबर जा नुसती.”

मी दोन बोटांत तुकडा धरला. मासा निघाला. मीही निघाले. तो डावीकडे गेला, मी डावीकडे. तो खोलात शिरला तेव्हा मी पाय सोडून दिले आणि पोहत गेले, तंगूस ढिला ठेवून. सकाळी मी त्याला सांगत होते, नाही, नाही, नाही. आता मी त्याला म्हणत होते, बरं. चल. कुठे जायचं? डोहाला एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तो घुमटीसमोरच्या उथळात आला आणि सावलीत थांबला. मी गुडघ्यांवर बसले. तंगुसावरून बोटं पुढे नेली, वीतभर, अजून वीतभर, आणि माझ्या अंगठ्याला त्याचा ओठ लागला. जाड, थंड, रबरासारखा. आकडा कोपऱ्यात रुतला होता. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते. मी आकडा आत दाबला, उलटा फिरवला आणि काढला.

मासा लगेच गेला नाही. जणू त्याला वाटत होतं अजून फेरी बाकी आहे. मग शेपटीचा एक फटका बसला आणि तो गेला.

मी आकडा वर धरला. गाव ओरडलं. पण गुरवबाबांनी हात वर केला. “थांबा. भात खायचाय अजून.”

त्यांनी मूठ उडवली. बारके आले. तो नाही. दुसरी मूठ. सात-आठ मोठे आले, मी एकेकाचा ओठ बघत होते. तो नाही. दाजी कातळावरच्या नारळाकडे सरकला.

“आता तू घाल,” गुरवबाबा आत्याला म्हणाले. “तुझी हाक ओळखतात ते.”

आत्या पुढे आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. रोज सकाळी द्यायची तशीच हाक दिली, ना मोठी ना बारीक. “यो, यो, यो.” आणि भात पाण्यावर न उडवता ओंजळीतून हळूच सोडला.

तो खालून आला. सरळ वर. ओठाच्या कोपऱ्यात पांढरी चीर, ऐंशी माणसांना दिसेल अशी. तोंड उघडलं, भात घेतला, वळला, पुन्हा आला आणि पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा तर त्याने शेजारच्या माशाला धक्का मारून घेतला.

आई मटकन खाली बसली. मी पाण्यातच बसले, नाकाएवढ्या, आणि तिथेच रडले, म्हणजे कुणाला कळलं नाही. गुरवबाबांनी नारळ उचलला आणि आत्याच्या पदरात घातला. ती उभीच राहिली, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून. कितीतरी वेळ.

“चला,” दाजी घसा खाकरून म्हणाला, “मरळी तरी धोंड्याच्या खालच्याच हायत ना? मग वाढा.” आणि तो तीनदा कालवण मागून जेवला.

सगळे गेल्यावर आत्या आणि मी भांडी घासायला नदीवर गेलो, धोंड्याच्या खाली, जिथे पाणी अजून थोडं वाहतं तिथे. डोहावरून आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी राख घेऊन ताटं घासत होते आणि वाट बघत होते. कान उपटला असता तर बरं झालं असतं. ती मोठं पातेलं घासत होती, घासून चकचकीत झालं तरी घासत होती.

“आत्या,” शेवटी मी म्हणाले, “मी मुद्दाम…”

“ऐकलं मी. सगळ्या गावाने ऐकलं. पलीकडच्या वाडीने पण ऐकलं असेल.”

तिने पातेलं धुतलं, पुन्हा राख लावली. इकडे तिकडे पाहिलं. नदीवर कुणी नव्हतं.

“पाचे.”

“काय?”

“किती वेळ होता गो? वरच्या अंगाला?”

“दोन मिनिटं.”

“आणि कसा ओढतो तो?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पातेल्याकडेच बघत होती, पण हात थांबले होते.

“सहा वर्षं रोज भात घालते मी त्यांना,” ती म्हणाली. “त्याच्या आधी तुझे आजोबा घालायचे, तेव्हा मी काठावर बसायची. लहानपणापासनं बघतेय ह्या माशांना. एकदा पण हाताला ओढ लागली नाय त्यांची. लागायची पण नाय. सांग ना. पहिल्यापासनं सांग. ठिपका बुडाला, तिथनं.”

“बुडाला नाही! नव्हताच!”

“म्हणजे?”

मग मी सांगितलं. डबा कसा फिरला ते सांगितलं, पाठ कशी वर आली ते सांगितलं, किती रुंद ते हात पसरून दाखवलं, आणि तिने “एवढा?” विचारल्यावर आणखी पसरून दाखवलं. बोटं कशी कापली आणि कशी कळली नाहीत. तो मला काय विचारत होता आणि मी काय सांगत होते. मी उठून उभी राहिले, एक ताट डबा म्हणून धरलं आणि कातळावरून तशीच धावले. दोन मिनिटांची गोष्ट, पण मी ती ऊन कलेपर्यंत सांगितली. आत्याने मध्ये तोंड घातलं नाही. फक्त मी धोंड्याजवळ आले की ती पातेल्याचे काठ घट्ट पकडायची, पाय खडकाला लावून, मागे रेलून.

“आणि मग,” मी म्हणाले, “टण्!”

तिने हात सोडले. पातेलं पाण्यात पडलं, गोल फिरलं आणि धारेला लागून तरंगत निघालं. आम्ही दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मग ते वळणापाशी पोचलं तेव्हा एकदमच भान आलं. आत्याने लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं, “धर गो! धर त्याला!” म्हणून ओरडली, आणि आम्ही दोघी पाण्यातून खळाखळा पळत सुटलो, मी पुढे, ती मागे, किंवा ती पुढे, मी मागे, आणि दोघींपैकी जास्त मोठ्याने कोण ओरडत होतं हे आजही आमचं ठरलेलं नाही.